पुल रिक्वेस्ट मोजू नका, वाचा : खानदेशातल्या संगणक विभागप्रमुखांना खुलं पत्र

प्रति,
संगणक अभियांत्रिकी आणि माहिती तंत्रज्ञान विभागांचे प्रमुख,
अभियांत्रिकी महाविद्यालये, जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्हे

स. न. वि. वि.

अंतिम वर्षाच्या टर्म वर्कमध्ये ‘ओपन सोर्स योगदान’ (ज्याचा कोड सगळ्यांना खुला आहे अशा सॉफ्टवेअरमध्ये भर घालणं) हा नवा रकाना आपल्यापैकी काही महाविद्यालयांनी यंदा घातला. कल्पना चांगली आहे आणि खरं तर उशिराच सुचली. पण सोबतचा गुणांचा तक्ता पाहून गप्प बसवत नाही. मर्ज झालेल्या, म्हणजे प्रकल्पाने स्वीकारून मूळ कोडमध्ये मिसळलेल्या, दहा पुल रिक्वेस्ट (‘माझा बदल घ्या’ अशा विनंत्या) असल्या की पैकीच्या पैकी, पाच म्हणजे निम्मे, आणि गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावरच्या प्रोफाइलवर त्या-त्या दिवसाच्या कामाचे हिरवे चौकोन सलग दिसले तर वरून बोनस. हा तक्ता मागे घ्या, ही आमची मुख्य मागणी. तो का घातक आहे आणि त्याच्या जागी काय आणता येईल, ते पुढे लिहितो.

आम्ही याच तीन जिल्ह्यांतले सॉफ्टवेअर अभियंते. नोकरी सांभाळून ओपन सोर्स प्रकल्पांत कोड लिहितो आणि इतरांनी पाठवलेला तपासतो. आपल्या विद्यार्थ्यांची पुल रिक्वेस्ट ज्यांच्या इनबॉक्समध्ये येऊन पडते, ते आम्ही. नोकरीच्या मुलाखतीत त्यांचं प्रोफाइल उघडून बसणारेही पुष्कळदा आम्हीच असतो. म्हणून हा विषय आम्हाला परका नाही.

पहिली गोष्ट, तुम्ही मोजताय तो आकडा बनावट करायला पाच मिनिटं पुरतात. गिट या कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात कमिटची, म्हणजे नोंदवलेल्या एका बदलाची, तारीख कमिट करणाराच ठरवतो. लेखकाची तारीख आणि कमिटरची तारीख ही दोन एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल हवी तशी बदलली की मागच्या दिवाळीतला कमिट आज तयार होतो. ‘अलाऊ एम्प्टी’ हा पर्याय दिला की एक अक्षरही न बदलता कमिट होतो. ही दोन्ही कामं एका छोट्या स्क्रिप्टमधल्या लूपमध्ये घातली, की वर्षभराचे हिरवे चौकोन चहा थंड व्हायच्या आत भरून निघतात. मर्जचा आकडाही तसाच. दोन मित्र एकमेकांचे रेपो (कोडचे साठे) फोर्क करतात, म्हणजे त्यांची स्वतःची प्रत काढतात, आणि एकमेकांच्या रिक्वेस्ट मर्ज करतात, दोघांचेही दहा पूर्ण. कापसावर पाणी मारून वजन वाढवता येतं, म्हणूनच खरेदी केंद्रावर ओलावा मोजतात आणि तो ८ टक्क्यांच्या वर गेला की भाव कापतात. आपल्या तक्त्यात वजनकाटा तेवढा आहे, ओलावा मोजायची सोय नाही.

दुसरी गोष्ट याहून वाईट आहे. ज्याने खरं काम केलं, त्याचं काम या मोजणीत येतच नाही. कमिट हिरव्या चौकोनात दिसायला त्यातला ईमेल गिटहबच्या खात्याशी जोडलेला असावा लागतो आणि तो कमिट मूळ रेपोच्या मुख्य ब्रँचवर पोहोचलेला असावा लागतो. फोर्कमध्ये पडून असलेला कमिट मोजला जात नाही. आता कॉलेजच्या लॅबमधला पीसी आठवा. कुणीतरी कधीतरी त्यावर गिटचं नाव आणि ईमेल ‘ग्लोबल’ सेट करून ठेवलेलं असतं, आणि पुढच्या तिन्ही बॅचचे कमिट त्या एकाच्या नावावर जातात. उपाय सोपा आहे. प्रत्येक रेपोपुरतं नाव आणि ईमेल वेगळं सेट करायचं, आणि पहिला कमिट झाला की गिट लॉग उघडून लेखक कोण दिसतो ते पाहायचं. पण हे प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये कुठेच नसतं.

त्यात स्क्वॉशची भर. अनेक प्रकल्प मर्ज करताना सगळे कमिट दाबून एकच करतात. तीन आठवडे खपून, रिव्ह्यू झेलून केलेल्या चौदा कमिटचा एक होतो. तिकडे स्पेलिंगच्या दहा चुका दहा वेगळ्या रिक्वेस्टमध्ये पाठवणाऱ्याचे दहा होतात.

आणि सगळं जग गिटहबवर नाही. लिनक्स कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, पॅच (बदलाची फाइल) ईमेलने जातो. लिब्रेऑफिसचा रिव्ह्यू गेरिट या वेगळ्या साधनावर चालतो. ग्नोम आणि केडीई या लिनक्सवरच्या डेस्कटॉप प्रकल्पांचं स्वतःचं गिटलॅब आहे. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये तर प्रथाच अशी, की कमिट कमिटरच्या, म्हणजे थेट कोड घालण्याचा अधिकार असलेल्याच्या, नावाने होतो आणि पॅच कुणी लिहिला ते कमिटच्या संदेशात ‘ऑथर’ म्हणून नोंदवतात. शहाद्याच्या मुलीने पोस्टग्रेसमधला बग दुरुस्त केला, तर तुमच्या तक्त्यात तिला शून्य.

तिसरी तक्रार मेंटेनर, म्हणजे प्रकल्प सांभाळणारे, म्हणून. आकड्यावर बक्षीस ठेवलं की काय होतं, याचा अनुभव जगाने घेऊन झाला आहे. हॅक्टोबरफेस्ट या उपक्रमात चार पुल रिक्वेस्टला टी-शर्ट मिळायचा. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये पहिल्या दोन-तीन दिवसांतच रीडमी या प्रकल्पाची ओळख देणाऱ्या फाइलमध्ये एखादा शब्द घुसडणाऱ्या रिक्वेस्टचा असा लोंढा आला, की आयोजकांना चालू महिन्यात नियम बदलावा लागला, आणि ज्या रेपोंनी स्वतःहून होकार दिला तेवढेच धरले जाऊ लागले. २०२४ च्या सुरुवातीला एक्सप्रेस या नोडजेएसच्या प्रसिद्ध फ्रेमवर्कवर तोच प्रकार. शिकवणीचा व्हिडिओ पाहून मुलं थेट मूळ प्रकल्पाच्या रीडमीमध्ये स्वतःचं नाव घालून रिक्वेस्ट पाठवू लागली. टी-शर्टसाठी एवढं होतं, तर टर्म वर्कसाठी काय होईल याचा अंदाज बांधायला संख्याशास्त्र लागत नाही.

अशा एका रिक्वेस्टची किंमत किती? रेपो ‘वॉच’ करणाऱ्या प्रत्येकाला सूचना जाते. नव्या माणसाच्या रिक्वेस्टवर आपोआप चालणाऱ्या टेस्टना मेंटेनरने हाताने परवानगी द्यावी लागते; क्रिप्टो-मायनिंगसाठी होणाऱ्या गैरवापरामुळे गिटहबने ही अट २०२१ मध्ये आणली. म्हणजे उघडा, वाचा, त्यात काही नाही हे ठरवा, नम्र शब्दांत बंद करा. हे काम फुकट करणारा माणूस बहुधा रात्री जेवणानंतर बसलेला असतो. साठ मुलांच्या वर्गाने एकाच आठवड्यात एकच रेपो धरला, तर मेंटेनर गिटहबची मर्यादा लावून जुन्या योगदानकर्त्यांशिवाय सगळ्यांना दार बंद करतो. ही मर्यादा २४ तासांपासून ६ महिन्यांपर्यंत ठेवता येते. त्या काळात खरा बग घेऊन आलेला नवा मुलगाही बाहेरच राहतो.

संस्थेच्या नावाचंही पाहा. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठाच्या संशोधकांनी अभ्यासासाठी म्हणून लिनक्स कर्नलला मुद्दाम सदोष पॅच पाठवले होते. २०२१ च्या एप्रिलमध्ये कर्नलचे एक प्रमुख मेंटेनर ग्रेग क्रोहार्टमन यांनी त्या विद्यापीठाकडून येणारे पॅच घेणं थांबवलं, आणि तिथल्या लोकांनी वर्षानुवर्षांत दिलेले चारशेहून अधिक कमिट पुन्हा तपासावे लागले. त्यातले बहुतेक निर्दोष निघाले. चूक थोड्यांची होती, पण पत्ता सगळ्यांचा एकच होता. आपल्या मुलांचे ईमेलही कॉलेजच्या डोमेनवरचेच आहेत.

चौथी तक्रार वेळेची. ‘मर्ज झालेली’ ही अट विद्यार्थ्याची परीक्षा घेत नाही, मेंटेनरच्या वेळापत्रकाची घेते. कर्नलमध्ये नवा बदल घेण्याची खिडकी दोन आठवड्यांची असते. ती मिटली की पुढे साधारण सात आठवडे दर आठवड्याला एक चाचणी आवृत्ती निघते आणि त्यात दुरुस्त्याच जातात. पॅच पाठवल्यावर किमान एक आठवडा आठवण करून देऊ नका, असं कर्नलच्या नियमांतच लिहिलं आहे. आपली सबमिशनची तारीख त्या खिडकीला माहीत नसते. मग ‘सर प्लीज मर्ज करा, उद्या सबमिशन आहे’ असा मेसेज येतो. तो वाचून रागही येत नाही, मुलाची दयाच येते. पण त्या मेसेजवर मर्ज केलेला कोड कुणाच्या तरी सर्व्हरवर चालणार असतो.

पाचवी तक्रार कागदपत्रांची, आणि तिच्याकडे कुणाचंच लक्ष नाही. कर्नलसारख्या प्रकल्पांत प्रत्येक पॅचखाली ‘साइन्ड ऑफ बाय’ ही ओळ लागते. २००४ पासूनची ही पद्धत आहे. तिचा अर्थ असा, की हा कोड मी लिहिला आहे किंवा तो या परवान्याखाली देण्याचा मला अधिकार आहे. इकडे काही महाविद्यालयांच्या प्रोजेक्ट फॉर्मवर छापलेलं असतं, की सदर काम ही संस्थेची मालमत्ता आहे. दोन्हींवर सही करणारा मुलगा एका ठिकाणी खोटं बोलतोय, आणि त्याला ते माहीतही नाही. शिवाय प्लेजरिझमची तपासणी. तीन हजार ओळींच्या फाइलमध्ये मुलाने चाळीस ओळी बदलल्या आणि अहवालासोबत अख्खी फाइल जोडली, की सॉफ्टवेअर सांगतं बहुतेक सगळं चोरलेलं आहे. तपासायचा असेल तर नुसता डिफ (बदललेल्या ओळी) तपासा, फॉरमॅट-पॅचने निघणारी फाइल त्यासाठीच असते.

एआयबद्दल थोडक्यात. वापरू नका असं आम्ही म्हणत नाही, आम्हीही वापरतो. पण रिव्ह्यूमध्ये ‘ही अट इथे का?’ असं विचारल्यावर उत्तरही चॅटबॉटचंच येतं, तेव्हा संवाद संपतो. कर्ल या इंटरनेटवरून डेटा आणण्या-पाठवण्याच्या साधनाच्या मेंटेनरांनी यंत्राकडून लिहून घेतलेल्या बोगस सुरक्षा-तक्रारींबद्दल जाहीरपणे वैताग व्यक्त केला आहे. दहाचा आकडा गाठायचा दबाव असेल, तर मुलं दुसरं काय करणार?

आता योगदान म्हणजे काय, याकडे येतो. २९ मार्च २०२४ या दिवशी अँड्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेसच्या अभियंत्याने एक्सझेड या कॉम्प्रेशन लायब्ररीत चोरदरवाजा असल्याचं जाहीर केलं. आवृत्ती ५.६.० आणि ५.६.१ मध्ये तो होता. एसएसएच (दूरच्या संगणकाशी सुरक्षित जोडणी) लॉगिनला नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय, हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी त्याचा माग काढला. चोरदरवाजा घालणाऱ्याने त्याआधी दोन वर्षांहून अधिक काळ नियमित, नीटनेटके कमिट दिले होते आणि त्यातून मेंटेनरपद मिळवलं होतं. तुमच्या तक्त्यात त्या भामट्याला पैकीच्या पैकी गुण पडले असते. फ्रॉइंड यांना शून्य, कारण त्यांनी पुल रिक्वेस्ट पाठवली नव्हती, एक ईमेल लिहिला होता.

यातून घ्यायचं ते हे, की योगदान वाचावं लागतं, आणि काळाच्या ओघात वाचावं लागतं. एखाद्या अभियंत्याचं एका कोडबेसमधलं काम सहसा असं वाढतं : आधी तो बग नोंदवतो, मग दुसऱ्यांनी नोंदवलेले बग स्वतःच्या मशीनवर घडवून दाखवतो, मग टेस्ट लिहितो, मग छोटी दुरुस्ती, मग स्वतःच्याच जुन्या दुरुस्तीतून निघालेला नवा बग निस्तरतो, आणि कधीतरी इतरांचे पॅच तपासू लागतो. शेवटच्या टप्प्यावर त्याचे कमिट कमी होतात आणि किंमत वाढते. अपाची फाउंडेशन या ओपन सोर्स संस्थेत कॉन्ट्रिब्यूटरचा कमिटर होतो तो आधीच्या मंडळींच्या मतदानाने. तिथे कुणी आकडा मोजून पद देत नाही.

परीक्षकाला हे वाचायची साधनं गिटमध्येच आहेत. गिट लॉगला लेखकाचं नाव दिलं की त्याचे कमिट कालक्रमाने दिसतात. ‘फॉलो’ दिलं की फाइलचं नाव बदललं तरी इतिहास तुटत नाही. ‘एल’ पर्यायाने एखाद्या फंक्शनच्या ठरावीक ओळींचाच इतिहास काढता येतो, आणि आम्हाला विचाराल तर व्हायवासाठी याहून चांगलं साधन नाही. पॅचची पहिली आणि दुसरी आवृत्ती शेजारी ठेवायची तर रेंज-डिफ. रिव्ह्यूनंतर मुलगा काय शिकला ते तिथे उघडं पडतं.

कुठली ओळ शेवटी कुणी बदलली ते दाखवणाऱ्या गिट ब्लेमवर मात्र आंधळा भरवसा नको. कुणी एकदा सगळ्या फाइल फॉरमॅटरमधून काढल्या, की प्रत्येक ओळ त्याच्या नावावर दिसते. स्पेस दुर्लक्षित करायचा आणि हलवलेल्या ओळी ओळखायचा असे दोन पर्याय ब्लेमला आहेत, ते द्या. असे कमिट वगळण्याची यादी पुष्कळ रेपोंत ठेवलेली असते, तीही ब्लेमला द्यावी लागते. म्हणजे ‘किती ओळी टिकल्या’ हेसुद्धा मोजमाप म्हणून वापरू नका. एक तक्ता काढून दुसरा लावाल अशी धास्ती आहे, म्हणून आधीच सांगतो.

तर मागण्या.

आकड्यांचा तक्ता याच सत्रापासून रद्द करा. ज्यांना गुण दिले गेले त्यांचे काढू नका. मुलांनी नियम पाळला, चुकला तो नियम.

त्याऐवजी दोघांची जोडी, एकच प्रकल्प, आणि सातवं-आठवं अशी दोन्ही सत्रं त्याच प्रकल्पात. पहिला महिना कोड पाठवायचा नाही. बिल्ड करायचं, टेस्ट चालवायच्या, आणि इतरांनी नोंदवलेला एक बग स्वतःच्या मशीनवर घडवून आवृत्ती, ऑपरेटिंग सिस्टिम आणि पायऱ्यांसह त्या इश्यूवर लिहायचा. बग पूर्वी नव्हता आणि आता आला असेल, तर बिसेक्टने, म्हणजे दरवेळी निम्मे कमिट वगळत जाणाऱ्या गिटच्या आदेशाने, दोषी कमिट शोधायचा. हजार कमिटांच्या टप्प्यात साधारण दहा वेळा तपासलं की तो सापडतो. असा कमिट शोधून दिला तर मेंटेनर आशीर्वाद देतो, दुरुस्ती तुम्ही केली नाहीत तरी.

पन्नास गुण असतील तर बग घडवून दाखवणं १५, पॅच आणि त्याची टेस्ट १५, रिव्ह्यूमधला संवाद १०, व्हायवा १०. पॅच मर्ज झाला की नाही, याला गुण नाहीत. नाकारलेला पॅचही चालेल, का नाकारला ते मुलाला सांगता आलं म्हणजे झालं. व्हायवात एक गोष्ट न चुकता करायला लावा : दुरुस्ती काढून टाका आणि नवी टेस्ट चालवा. ती नापास झाली पाहिजे. पास झाली, तर त्या टेस्टने काहीच तपासलं नाही. या एका मिनिटात जेवढं कळतं तेवढं चाळीस पानी बाइंडिंग केलेल्या रिपोर्टमधून कळत नाही.

रीडमीमध्ये नाव घालणं, वर्गमित्राच्या रेपोत मर्ज करणं आणि एकाच रेपोवर दोनपेक्षा जास्त जोड्या पाठवणं, या तिन्हींना लेखी मनाई हवी.

संस्थेच्या लेटरहेडवर प्रत्येक जोडीला पत्र द्या, की या प्रकल्पात दिलेल्या कोडवर महाविद्यालयाचा हक्क नाही.

लॅबची सोय करा. पुष्कळ कॉलेजांच्या नेटवर पोर्ट २२ बंद असतो, मग एसएसएचने पुश होत नाही आणि मुलं फाइल वेबसाइटवरून अपलोड करू लागतात. गिटहबची एसएसएच सेवा पोर्ट ४४३ वरही मिळते, ती चालू करून द्या. ईमेलने पॅच पाठवणाऱ्यांसाठी ५८७ उघडा. गिट क्लोन मध्येच तुटलं तर पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. तळोदा-अक्कलकुव्याकडचा मुलगा मोबाइल डेटावर कर्नलचा काही जीबींचा रेपो कसा उतरवणार? ‘डेप्थ १’ देऊन उथळ क्लोन केला तर तो उतरतो, पण इतिहासच नसल्याने ब्लेम आणि बिसेक्ट दोन्ही निरुपयोगी. म्हणून निवडलेल्या प्रकल्पांचा पूर्ण मिरर (हुबेहूब प्रत) लॅबच्या सर्व्हरवर ठेवा आणि रोज रात्री अपडेट करा. घरी न्यायला गिट बंडल (अख्खा रेपो एका फाइलमध्ये) करून पेनड्राइव्हवर द्या. एक जुना पीसी आणि एक हार्डडिस्क, एवढाच खर्च.

गाईड सरांनी आणि मॅडमनी वर्षातून निदान एक पॅच स्वतः पाठवावा. नॅकच्या फाइली, परीक्षेची कामं आणि ॲडमिशनची धावपळ यांत त्यांना वेळ नसतो, हे माहीत आहे. म्हणूनच त्या तासांची नोंद त्यांच्या वर्कलोडमध्ये धरली जावी.

प्रकल्प कुठले निवडायचे म्हणाल, तर आपल्याच भाषेच्या वाटेवर कामं पडून आहेत. मराठीतले ल आणि श हिंदीपेक्षा वेगळे काढतात. फॉन्टमध्ये ती रूपं असली तरी पानाची भाषा मराठी म्हणून जाहीर केल्याशिवाय ती उमटत नाहीत, आणि असंख्य वेबसाइट ती जाहीर करत नाहीत. आपल्या वर्णमालेत ळ येतो ह नंतर, युनिकोडच्या क्रमात तो ल ला चिकटून आहे. त्यामुळे साध्या क्रमवारीत याद्या चुकतात. ‘दुसऱ्या’मधला अर्धा र काही प्रोग्रॅम मजकूर साफ करताना मोडून टाकतात. लिब्रेऑफिस, फायरफॉक्स, ग्नोम यांच्या मराठी भाषांतरांना तपासणारे डोळे हवे आहेत. यातली चूक कॅलिफोर्नियातल्या अभियंत्याला दिसणार नाही, चोपड्याच्या मुलीला पाहताक्षणी दिसेल.

व्हायवाला बाहेरचा परीक्षक हवा असेल तर आम्ही येऊ, मानधन नको. शनिवार-रविवार ठेवा. टर्म वर्कचे गुण भरायच्या आधी लेखी उत्तर मिळावं, ही विनंती.

तोवर एक काम उद्याच करता येईल. आपल्या मुलांच्या रीडमीवरच्या ज्या रिक्वेस्ट आत्ता उघड्या आहेत, त्या त्यांना स्वतः बंद करायला सांगा. माफीची कॉमेंट टाकू नका म्हणावं, प्रत्येक कॉमेंटने पुन्हा सगळ्यांना सूचना जाते. नुसतं ‘क्लोज’चं बटण पुरे.

आपले,
जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांतील काही मेंटेनर आणि कॉन्ट्रिब्यूटर